कलेचा तास : सहावी ते आठवीच्या चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. लहानपणी भिंती रंगवणारं मूल अकरा-बारा वर्षांचं झालं की कागद पुढे ठेवल्यावर त्याचा हात आखडतो. याच वयाच्या मुलांना मी वर्षानुवर्षं चित्रकला शिकवत आले आहे आणि हा वयोगट मला सगळ्यांत जास्त आवडतो. म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा घेते.

प्रश्न : मी सातवीला चित्रकला शिकवते. 'मनात येईल ते काढा' म्हटलं की अर्धा वर्ग डोंगर, सूर्य आणि घर काढतो. उरलेली मुलं 'मला चित्र येत नाही' म्हणून बसून राहतात. वर्गात करून घेता येईल असा एखादा उपक्रम सुचवाल का? (एक शिक्षिका)

'मनात येईल ते काढा' ही सूचना ऐकायला मोकळी वाटते, पण बारा वर्षांच्या मुलाला ती फार जड जाते. सगळंच खुलं असलं की ते पाठ असलेल्या चित्राकडे वळतं, कारण तिथे फजितीची भीती नसते. डोंगर-सूर्य-घर हे त्यातूनच येतं.

विक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने 1947 साली मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. साधारण नऊ ते बारा या वयात मुलाला चित्र खऱ्यासारखं दिसावं असं वाटू लागतं. त्यापुढच्या दोनेक वर्षांत ते स्वतःच्या कामाकडे टीकेच्या नजरेने बघायला लागतं. तुमच्या वर्गात हेच चाललं आहे. 'येत नाही' म्हणणाऱ्या मुलाला आपल्या चित्रातलं चुकलेलं नीट दिसतं. ते सुधारायचं कसं, हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. ही मुलं आळशी आहेत असं कृपा करून समजू नका. वर्गातली सगळ्यांत चिकित्सक नजर बहुतेक वेळा त्यांचीच असते.

त्यांच्यासाठी माझा पहिला उपक्रम ठरलेला आहे : कागदाकडे न बघता रेखाटन. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणारे किमॉन निकोलाइडीस ही पद्धत वापरत. कागद चारही कोपऱ्यांत चिकटपट्टीने बाकाला चिकटवा. पुठ्ठ्याची एक चकती कापून तिच्या मधोमध भोक पाडा आणि पेन्सिल त्यातून आरपार घाला, म्हणजे रेघ काढणारा हात मुलाला दिसणार नाही. दुसरा हात समोर धरायचा आणि नजर मनगटापासून सुरू करून कडेकडेने सरकवायची. नजर जेवढी सरकेल तेवढीच पेन्सिल सरकवायची. नजर थांबली की पेन्सिलही थांबली पाहिजे. दहा मिनिटं बोलायचं नाही, खोडायचं नाही, कागदाकडे बघायचं नाही.

पहिल्या वेळी वर्गात हशा पिकतो. पिकू द्या. बोटं सुटी झालेली असतात, अंगठा भलत्याच ठिकाणी गेलेला असतो. पण सगळ्यांचंच बिघडलेलं असल्यामुळे तुलना आपोआप गळून पडते, आणि 'चित्र येणारी' मुलं व 'न येणारी' मुलं एका रांगेत येतात. लगेच दुसरं रेखाटन घ्या, मग तिसरं. तिसऱ्याला वर्ग शांत होतो.

पुढच्या तासाला पायातला बूट काढून बाकावर ठेवायला सांगा. एका मुलीचं चित्र मला अजून आठवतं. नाडी बुटाच्या भोकातून जिथे बाहेर येते तिथे तिचे धागे सुटले होते. त्या मुलीने ते सुटलेले धागे एकेक करून काढले, नाडीच्या गाठीत अडकलेला पिळसुद्धा सोडला नाही. तेवढ्यातच तिचा वेळ संपला. बुटाचा पुढचा भाग कागदावर आलाच नाही आणि टाच कडेवरून बाहेर गेली. पण त्या नाडीकडे बघून शेजारचा मुलगा आपल्या बुटाची नाडी पुन्हा निरखायला लागला. मला वर्गात हेच घडायला हवं असतं.

इथवर झाली तयारी. खरा उपक्रम तिसऱ्या तासापासून सुरू होतो. जाड कागदात पाच सेंटिमीटर बाजूची चौकोनी खिडकी कापायला लावा. ती खिडकी आपल्याच रेखाटनांवर फिरवायची आणि रेघांची सगळ्यांत आवडलेली जागा शोधायची. तेवढाच तुकडा मोठ्या ड्रॉइंग शीटवर, जाड ब्रशने आणि काळ्या रंगाने, शीटभर मोठा करायचा. मग रेघांमध्ये तयार झालेल्या आकारांत रंग भरायचे, पण फक्त दोन रंग आणि त्यांच्या मिश्रणातून निघणाऱ्या छटा. कोणते दोन, हे मुलाने ठरवायचं.

बघा, इथे मर्यादा तुम्ही घातलीत : वस्तू, खिडकी, रंगांची संख्या. चित्र कसं होणार हे मात्र शेवटपर्यंत तुम्हालाही माहीत नसतं. मधल्या वर्गांचा चांगला उपक्रम ओळखायची माझी खूण हीच आहे. चाळीस शीट भिंतीवर लावल्या आणि चाळीसही सारख्या दिसल्या, तर ते चित्र शिक्षकाचं आहे. म्हणून एक विनंती : सुरुवातीला पूर्ण झालेला नमुना दाखवू नका. चकती कशी धरायची, खिडकी कशी फिरवायची हे करून दाखवा. तयार चित्र दिसलं की वर्ग त्याच्याच मागे लागतो.

प्रश्न : आठवीतली माझी मुलगी घरी फक्त दुसऱ्यांची चित्रं बघून काढते. नक्कल करायची सवय लागली तर तिची कल्पनाशक्ती मारली जाईल का? (एक आई)

नाही मारली जाणार. बघून काढणं ही शिकायची जुनी आणि सरळ वाट आहे. एदुआर माने आणि एदगार दगा हे दोघंही फ्रेंच चित्रकार तरुणपणी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जाऊन जुन्या चित्रांच्या नकला करत. मुलगी तासभर एका चित्रात डोकं घालून बसते याचा आनंद माना आणि तिला टोकू नका.

फक्त तिच्यापुढे एक पायरी ठेवा. सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना, 1889-90 मध्ये, व्हॅन गॉगने मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून एका मागोमाग एक चित्रं रंगवली. त्याच्यापुढे मिलेच्या चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती होत्या. माणसं, अवजारं, उभं राहण्याची ढब मिलेची होती, रंग मात्र सगळे त्याने स्वतः ठरवले. तुमच्या मुलीलाही असंच करू द्या. आवडत्या चित्राची काळी-पांढरी प्रत काढून द्या आणि मूळ रंगीत चित्र नजरेआड ठेवा. आकार बघून काढायचे, रंग स्वतःचे. त्या चित्रातली वेळ बदलायची : दुपार असेल तर रात्र करायची. सावल्या कुठे जातील, पांढरा शर्ट अंधारात कोणत्या रंगाचा दिसेल, याचा विचार तिला करावाच लागेल. खाली 'अमुक चित्रावरून' असं लिहायची सवयही आत्ताच लावा.

प्रश्न : लाल आणि निळा मिसळला की जांभळा होतो असं पुस्तकात असतं. वर्गात मात्र दरवेळी मातकट तपकिरी होतो. मुलं म्हणतात, सर, रंग खराब आहेत. (एक शिक्षक)

रंग खराब नाहीत. पेटीतला लाल बहुतेक वेळा नारिंगीकडे झुकलेला असतो, स्कार्लेट किंवा व्हर्मिलियन. नारिंगीकडे झुकला म्हणजे त्यात पिवळ्याचा अंश आलाच. त्यात निळा घातला की लाल, पिवळा, निळा असे तिन्ही प्राथमिक रंग एकत्र येतात आणि मिश्रण मातकट होतं. निळाही हिरवटपणाकडे झुकणारा असेल तर आणखीच. जांभळ्यासाठी गुलाबीकडे झुकणारा लाल म्हणजे क्रिमझन घ्या आणि जांभळटपणाकडे झुकणारा निळा म्हणजे अल्ट्रामरीन घ्या.

हे फळ्यावर सांगून मात्र संपवू नका. मुलांना दोन लाल आणि दोन निळे द्या आणि चारही जोड्या मिसळायला लावा. प्रत्येक जोडीची एक पट्टी करायची : एका टोकाला नुसता लाल, दुसऱ्या टोकाला नुसता निळा आणि मध्ये पायरीपायरीने बदलत जाणाऱ्या छटा. कोणत्या जोडीतून काय निघालं ते पट्टीखाली लिहायचं. सगळ्या वर्गाच्या पट्ट्या सुकल्यावर कापा, ढीग करा आणि त्यातून कोलाज करायला द्या. तुम्हाला खराब वाटणारा तो मातकट रंग ओल्या जमिनीसाठी, झाडाच्या सालीसाठी, सावलीसाठी किती कामाला येतो ते तिथे दिसेल. बाकावर पाण्याची दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक रंग पातळ करायला. अर्धा मातकटपणा घाण पाण्यातूनच येतो.

याच विषयातला आणखी एक प्रयोग सातवी-आठवीला फार भावतो. एकोणिसाव्या शतकात शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलिन्स या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर कळलं की रंगाईत दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा फिका भासत होता. 1839 मध्ये त्यांनी रंगांच्या या परस्पर परिणामावर सविस्तर लिहिलं. वर्गात एकाच राखाडी कागदाचे दोन छोटे चौकोन कापा, एक भडक पिवळ्यावर चिकटवा आणि एक गडद निळ्यावर. मग मुलांना आव्हान द्या : एकच रंग दोन ठिकाणी जास्तीत जास्त वेगळा दिसेल अशी जोडी शोधा. रंगीत कागदाचे कपटे घेऊन मुलं तासभर मान वर करत नाहीत, आणि चित्र 'न येणारं' मूल इथे अनेकदा पहिलं येतं.

प्रश्न : मातीकाम घ्यायची फार इच्छा आहे, पण भट्टी नाही. केलेल्या वस्तू तडकतात, हात-पाय गळून पडतात, मुलं हिरमुसतात. काय करावं? (एक कलाशिक्षिका)

तडकण्याचं मुख्य कारण असमान सुकणं. पातळ भाग आधी सुकून आक्रसतो, जाड भाग ओलाच राहतो आणि जोडावर ताण येतो. जाडी सगळीकडे साधारण एक सेंटिमीटर ठेवा. नुसते दाबून जोडलेले भाग गळतातच. दोन्ही पृष्ठभागांवर काट्याने किंवा जुन्या दातघाशीने आडव्या-उभ्या रेघा ओढा, पातळ कालवलेली माती लावा, मग दाबा. काम झालं की त्यावर प्लॅस्टिक सैल पांघरून सावलीत हळूहळू सुकू द्या. उन्हात ठेवायची घाई नको. पुढे कधी भट्टी मिळाली तर पूर्ण सुकलेलीच वस्तू आत जाऊ द्या. आत उरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वस्तू फुटते, कधी कधी शेजारच्या मुलाची घेऊन.

भट्टी नसताना मी उभे पुतळे करायला देत नाही. मातीची सपाट पाटी आणि तिच्यावर उठाव, हे चांगलं टिकतं. विषय द्यायचा : 'आपल्या घराचं दार, आतून'. आतून म्हटल्याबरोबर पाठ असलेलं घर बाद होतं. कडी, साखळी, दारामागे अडकवलेली पिशवी, खाली पडलेल्या चपला, एकेका दाराचा पत्ता लागायला लागतो.

उभं, हवेतलं काहीतरी करायची हौस असेल तर तार घ्या. अलेक्झांडर काल्डर मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून कलेकडे वळला आणि 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने तारेतून माणसांचे चेहरे उभे केले. जणू हवेत काढलेली रेघ. सुमारे दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार या वयाच्या बोटांना झेपते. नियम एकच : तार मध्ये कापायची नाही. शेजाऱ्याचा चेहरा एकाच तारेत. नाकावरून डोळ्याकडे जायचं कसं, कान आधी की केस आधी, हे मुलाला सुरू करण्याआधीच ठरवावं लागतं, म्हणून आधी तोच चेहरा पेन्सिल न उचलता कागदावर काढून घ्या. झालेला चेहरा धाग्याने टांगा आणि त्याच्यावर विजेरी मारा. भिंतीवरची सावली फिरायला लागली की वर्ग उठून उभा राहतो. तारेची दोन्ही टोकं मात्र पकडीने आत वळवून घ्या, डोळ्यांची काळजी आहे.

प्रश्न : शाळेत भित्तिचित्र करायचं आहे. गटात काम दिलं की दोन मुलं रंगवतात, बाकीची पाणी भरतात. (एक शिक्षक)

मोठ्या चित्रावर चौकोनांची जाळी आखा आणि एकेका मुलाला एकेक चौकोन द्या. चक क्लोज हा चित्रकार याच पद्धतीने छायाचित्रं प्रचंड मोठी करून रंगवत असे. तुम्ही फक्त एक गोष्ट पक्की करा : कोणत्या चौकोनात किती गडद आणि किती फिकट. तो गडदपणा कशाने आणायचा ते मुलाचं. कोणी ठिपके देईल, कोणी उभ्या रेघा, कोणी वर्तमानपत्राचे तुकडे, कोणी बोटांचे ठसे. गडद-फिकट जुळलं की चित्र लांबून एकसंध दिसतं, आणि जवळ गेलं की प्रत्येकाला आपला चौकोन सापडतो. सगळे चौकोन सुट्या कागदांवर करून शेवटी जोडा, म्हणजे भिंतीपाशी गर्दी होत नाही आणि गैरहजर मुलाचाही चौकोन मागे राहत नाही.

प्रश्न : अशा उपक्रमांना गुण कसे द्यायचे? (वरच्याच शिक्षकांचा दुसरा प्रश्न)

हुबेहूबपणाला गुण देणं थांबवा. सुरुवातीला काढलेले तीन छोटे कच्चे आराखडे बघा, त्यांत खरोखर तीन वेगळे विचार आहेत का ते पाहा. साहित्य नीट वापरलंय का ते बघा. अडचण आल्यावर मुलाने काय केलं हे त्यालाच चार ओळींत लिहायला सांगा. 'निळा जास्त झाला म्हणून मी ती रात्र केली' असं ज्या मुलाने लिहिलं, त्याला मी पैकीच्या पैकी देते.

प्रश्न : मी सहावीत आहे. मला जपानी कार्टूनसारखे हिरो काढायला आवडतात. आमचे सर म्हणतात, ही काही चित्रकला नाही, फळं आणि भांडी काढ. मी काय करू? (एक विद्यार्थी)

तुझे हिरो काढणं सोडू नकोस. ती चित्रकलाच आहे, आणि ती चित्रं काढणारी माणसं आयुष्यभर कसून सराव करतात. सरांची भांडीही मन लावून काढ, कारण तुझ्या हिरोला त्यांची गरज पडणार आहे. तांब्या गोल कसा दिसतो हे हाताला कळलं की चिलखताचा खांदा गोल काढता येतो.

एक प्रयोग करून बघ. तुझा एकच हिरो घे आणि तो चार बाजूंनी काढ : समोरून, तिरका, बाजूने, पाठमोरा. उंची सगळीकडे सारखी यायला हवी, म्हणून डोकं, खांदे, कंबर, गुडघे यांच्यासाठी आधी आडव्या रेघा आख. पाठमोऱ्या चित्रात तू अडशील. केस मागून कसे दिसतात, कपड्यांची शिवण कुठे येते, हे आठवणार नाही. तेव्हा घरातल्या कोणाला तरी पाठमोरं उभं कर आणि बघून काढ.

मग त्याला चालव. छोट्या वहीच्या कोपऱ्यात, प्रत्येक पानावर थोडं थोडं बदलत चित्र काढायचं आणि पानं अंगठ्याने भराभर सोडायची. अशा वहीचं पेटंट 1868 साली जॉन बार्न्स लिनेट यांनी घेतलं होतं, म्हणजे ती सिनेमापेक्षा जुनी आहे. हाताने काढलेल्या चित्रपटात पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी जातात, पण बऱ्याचदा एकेक चित्र दोन चौकटी दाखवतात. म्हणजे सेकंदाला 12 चित्रं लागतात. तुला दोन सेकंदांचं चालणं हवं असेल तर 24 पानं लागतील. आधी आरशासमोर हळू चालून बघ : डावा पाय पुढे जातो तेव्हा कोणता हात पुढे जातो, आणि एका पावलात डोकं कधी खाली येतं, कधी वर जातं. सुरुवातीची चार पानं पेन्सिलने हलकी काढ, सोडून बघ, आणि उडी मारल्यासारखं वाटलं तर मध्ये आणखी पानं घाल. वही सरांना दाखव आणि पाठमोरं चित्र काढताना नेमका कुठे अडलास ते त्यांना विचार.